कपाटातील खेळणी मुलांच्या हाती

(अंगणवाडी सेविका, विशेष शिक्षक आणि पालक यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या शैक्षणिक साहित्यनिर्मिती शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी एका ज्येष्ठ विशेष शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



दिव्यांग मुलांची खेळणी आणि शैक्षणिक साहित्य या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, प्रमाणपत्रे या मोठ्या प्रश्नांपुढे खेळण्याचा विषय अनेकांना किरकोळ वाटतो. मलाही तो एके काळी तसा वाटत असे. तो तसा का नाही, हे मला एका पाच वर्षांच्या मुलाने शिकविले. त्याची हकिकत आधी सांगते, कारण तीत माझी स्वतःची चूक आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण शाळेत विशेष शिक्षिका म्हणून रुजू झाले. शाळेला दिव्यांग मुलांसाठी साहित्याची एक पेटी मिळालेली होती. तीत खाचांत बसणारे लाकडी आकार होते, मणी ओवण्याची चौकट होती, घुंगराचा चेंडू होता, निरनिराळ्या पोतांचे तक्ते होते. पेटी माझ्या ताब्यात देताना तिच्यातील प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपण जिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो तीत, माझ्या सहीने चढविण्यात आली. काही हरवले वा मोडले तर भरपाई तुमच्याकडून होईल, असे मला बजावण्यात आले. मी नवखी होते, पगार बेताचा होता. मी पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली.

वर्गात एक जन्मांध मुलगा होता. तो रोज त्या कपाटाशी जाऊन बसे आणि कपाटाच्या कडीशी खेळे. कडी वर करणे, खाली सोडणे, तिचा आवाज ऐकणे, कुलपाच्या भोकात करंगळी घालून पाहणे, यात त्याचा सारा वेळ जाई. ही त्याची वाईट खोड आहे असे समजून मी त्याला तेथून उठवीत असे. वर्षअखेरीस तपासणी झाली. सर्व साहित्य सुस्थितीत आहे, असा शेरा मिळाला. त्या शेऱ्याचा मला आनंद झाला, हे आज सांगताना लाज वाटते. त्या मुलाला शिकण्याची एवढी भूक होती की, आत साहित्य कुलूपबंद असताना त्याने कुलपालाच साहित्य केले होते. साहित्य सुस्थितीत होते. मुलाचे एक वर्ष मात्र वाया गेले होते.

आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच : साहित्य मुलाच्या हातात जाऊन झिजले पाहिजे. ते कसे निवडावे, कसे करावे आणि ते कपाटात का राहते, याचा आपण क्रमाने विचार करू.

पहिले पाठ्यपुस्तक

चार-पाच महिन्यांचे डोळस मूल पाळण्यावरील चिमणाळे पाहते आणि हात उंचावते. हात लागताच चिमणाळे हलते. ‘मी काही केले आणि काही घडले’ हा त्याच्या आयुष्यातील पहिला धडा होय. पुढील सारे शिक्षण याच धड्यावर उभे राहते. जे मूल पाहू शकत नाही, ऐकू शकत नाही, ज्याचा हात मनाप्रमाणे वळत नाही, किंवा ज्याला एकाच वेळी आलेल्या अनेक संवेदनांचा मेळ घालता येत नाही, त्याच्यापुरता हा धडा आपोआप होत नाही. तो कोणीतरी मांडून द्यावा लागतो. संवेदनांना साद घालणारी खेळणी म्हणजे हा मांडून दिलेला धडा. एक दार बंद असेल तर दुसऱ्या दाराने ज्ञान आत न्यावयाचे, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे.

विशेष मुलांकडून सर्व मुलांकडे

सर्वसाधारण मुलांसाठी साहित्य तयार होते आणि मग त्यातील काही दिव्यांग मुलांना मिळते, असा आपला समज असतो. इतिहास मात्र उलट सांगतो. इ.स. 1800 च्या सुमारास फ्रान्समध्ये आव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या एका मुलाला ज्यां इतार या डॉक्टरांनी इंद्रियशिक्षणाच्या मार्गाने शिकविण्याचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी शिक्षणपद्धती व साधने तयार केली. या दोघांचे ग्रंथ इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी अभ्यासले, रोममध्ये अशाच मुलांवर त्यांचा प्रयोग केला आणि मग 1907 मध्ये सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडून तीच दृष्टी सर्व मुलांसाठी खुली केली. म्हणजे शहरांतील बालमंदिरांत आज दिसणारे दट्ट्ये, मनोरे आणि स्पर्शतक्ते यांचे मूळ दिव्यांग मुलांच्या वर्गात आहे. या मुलांचे सर्व बालकांवर ऋण आहे.

आपल्याकडे या विचाराला खेड्याचे रूप ताराबाई मोडक यांनी दिले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी काम केले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतून त्यांनी साहित्य उभे केले. आज या सभागृहात बसलेल्या सेविका भगिनी ‘अंगणवाडी’ हे जे नाव लावतात, तेही त्याच परंपरेतून आलेले आहे. शिबिराच्या पुढील दिवसांत आपण करणार आहोत ते काम म्हणजे याच परंपरेचा पुढचा टप्पा होय.

अंध व अल्पदृष्टी बालके

आता प्रत्यक्ष साहित्याकडे वळू. अंध तान्हे मूल बराच काळ स्वस्थ पडून राहते. आई म्हणते, ‘बाळ फार गुणी आहे, रडत नाही.’ वस्तुतः हात पुढे करण्याचे कारणच त्याला सापडलेले नसते. आवाज आला म्हणजे तेथे वस्तू असते, हे कळावयास डोळस मुलाच्या मानाने त्याला पुष्कळ उशीर लागतो. त्यातच आपण खुळखुळा वाजवितो आणि बाजूला ठेवतो. बाळाच्या दृष्टीने ती वस्तू जगातून नाहीशी होते.

डेन्मार्कमधील शिक्षणतज्ज्ञ लिली निल्सन यांनी यावर एक सुंदर उपाय शोधला. त्यांनी बाळाच्या अंगावर ठेवण्याची एक छोटी खोलीच तयार केली. उताणे निजलेल्या मुलाभोवती तीन बाजू, वर छत आणि छतातून लोंबणाऱ्या निरनिराळ्या वस्तू, अशी तिची रचना असते. मुलाचा हात सहज हलतो, एखाद्या वस्तूला लागतो, आवाज होतो. वस्तू बांधलेली असल्यामुळे ती पुन्हा त्याच जागी सापडते. काही दिवसांनी तोच हात हेतुपूर्वक तेथे जातो. आपल्याकडे बांबूच्या चौकटीवर हे सहज करता येते. स्टीलचा चमचा, किल्ल्यांचा जुडगा, काथ्याचा गोंडा, घासणीचा तुकडा, रेशमी चिंधी, लाकडी लाटणे, अशा घरातल्याच वस्तू पक्क्या दोरीने, थोड्या अंतराने टांगाव्यात. दोन पथ्ये मात्र पाळावीत. रोज वस्तूंच्या जागा बदलू नयेत. आणि मूल त्यात असताना मोठ्यांनी जवळ राहावे, पण बडबड करू नये. शोध त्याचा त्याला लावू द्यावा.

पुढे बोटांची तयारी येते. कापडावर जाड दोरा, सुतळी, रिबन यांच्या रेघा शिवून डावीकडून उजवीकडे बोट फिरविण्याची सवय लावता येते. ब्रेल लिपीतील प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या घरात बसते. म्हणून सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, उभा धरावा आणि त्याच्या खळग्यांत चेंडू ठेवून अक्षरे मांडावीत. मुलाला ब्रेल पाटी देण्यापूर्वीच अक्षराचा आकार त्याच्या मुठीत आलेला असतो. लुई ब्रेल यांची ही सहा टिंबे 1951 पासून भारती ब्रेलच्या रूपाने आपल्या भाषांसाठी सर्वमान्य झाली. मराठी वाचण्याचा रस्ता तेव्हापासून मोकळा आहे. त्या रस्त्यावरचे पहिले पाऊल या खोक्यावर पडते.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाला आपण अंध समजू नये. काळ्या कापडावर पिवळा चेंडू, गडद ताटात पांढरा भात, दाराच्या चौकटीवर ठळक रंगाचा पट्टा, असा रंगांचा विरोध साधला तर उरलेली दृष्टी कामास येते. चकचकीत कागदाचा चुरगळलेला तुकडाही पुष्कळ वेळा नजर वेधून घेतो.

कर्णबधिर बालके

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी आवाजाचे खेळणे कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आवाज हा कानाला ऐकू येतो तसा तळहाताला कंप म्हणूनही जाणवतो. डफावर मुलाचे हात ठेवून पाहा. फुगवलेला फुगा त्याच्या गालाशी धरून त्याच्याजवळ बोला. आवाज नावाचे काही जगात आहे, ही जाणीव तेथून सुरू होते. श्रवणयंत्र लागल्यानंतर तर हा खेळ फारच महत्त्वाचा ठरतो. डफ वाजला की लाकडी कडे खुंटीत घालावयाचे. वाजला नाही तर थांबावयाचे. प्रथम मुलाला डफ दिसेल असा वाजवावा, मग पाठीमागून. या साध्या खेळाने मूल आवाजाकडे लक्ष देण्यास शिकते, आणि तपासणीच्या वेळी त्याला किती ऐकू येते हे तज्ज्ञांनाही नेमके ठरविता येते.

शिवाय या मुलांना भाषा डोळ्यांनी मिळते. म्हणून प्रत्यक्ष वस्तू, तिचे चित्र, तिची खूण आणि तिचे लिहिलेले नाव यांच्या जोड्या लावण्याचे खेळ भरपूर हवेत. खुणांची भाषा मुलाला मिळाली तर तिला हसू नये आणि तिला अडवूही नये. बाहुली हातात घेऊन ‘निजली’, ‘उठली’, ‘रुसली’ अशा शंभर गोष्टी खुणांनी सांगता येतात.

मेंदूचा पक्षाघात असलेली बालके

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असलेल्या मुलापुढे खेळणे ठेवण्याआधी त्याची बैठक पाहावी. कंबर व पाठ यांना आधार नसेल तर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि हात मोकळे होत नाहीत. दोन भिंतींच्या कोपऱ्यात घडी केलेली गोधडी लावून, पायांखाली पाट देऊन बसविले, तर कालपर्यंत काही न धरणारा हात आज खेळणे धरताना मी पाहिला आहे. आधी बैठक, मग खेळणे, हा क्रम विसरू नये. बैठक कशी असावी हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घ्यावे.

यानंतर पकडीचा विचार. खडू, कुंचला, चमचा यांच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी वा कापड गुंडाळून ते जाड करावेत. खाचांत बसविण्याच्या आकारांना मोठ्या लाकडी मुठी ठोकाव्यात. खेळणे सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके पसरावे. सावंतवाडीच्या कारागिरांनी कातून केलेली लाकडी खेळणी आपण शोभेसाठी आणतो. तशाच कातकामाने मोठ्या मुठीचे खुळखुळे आणि जाड मणी गावोगावचे सुतारही करून देऊ शकतील. त्यांना माप सांगणारा कोणी भेटला पाहिजे. ते माप तुम्ही घ्या.

बौद्धिक दिव्यांगत्व व स्वमग्नता

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी एका वेळी एकच गोष्ट शिकविणारे साहित्य हवे. लाल मोठा चौकोन आणि निळा लहान गोल एकत्र ठेवले, तर आपण रंग विचारतो की आकार की आकारमान, हे त्याला कळत नाही. रंग शिकवायचा असेल तर सर्व ठोकळे सारखे आणि रंग तेवढे दोन. ज्वारी, वाळू, कापूस, कागदाचे कपटे भरून शिवलेल्या पिशव्यांच्या जोड्या हाताने चाचपून लावणे हा खेळ त्यांना फार आवडतो. थोडे मोठे झाल्यावर खऱ्या नाण्यांनी खेळावयाचा बाजार मांडावा. कागदी पैशांवर शिकलेला हिशोब दुकानात उपयोगी पडतोच असे नाही.

स्वमग्न मुलांबाबत अधिक सावधपणा हवा. कुकरच्या शिट्टीने कान झाकून ओरडणारे मूल हट्टी नसते. तो आवाज त्याला खरोखरच सोसवत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलाला उलट घट्ट मिठी, झोपाळा, वाळूत हात खुपसणे हवेहवेसे वाटते. एकाला निववणारी वस्तू दुसऱ्याला छळणारी असू शकते. म्हणून चिकट माती वा खरखरीत कापड मुलाच्या हातावर लादू नये. समोर ठेवावे, आपण खेळावे आणि वाट पाहावी. नको म्हणण्याची मुभा असेल तरच ते खेळणे म्हणावे. एखादे मूल तासन् तास गाडीचे चाकच फिरवीत बसते. ते हिसकावून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून दुसरे चाक फिरवून पाहा. कधीतरी ते तुमच्याकडे वळून बघेल. संवादाची सुरुवात तेथून होते.

काही पथ्ये

तीन वर्षांखालील, तसेच वस्तू तोंडात घालणाऱ्या कोणत्याही वयाच्या मुलाजवळ सुटे चिंचोके, मणी, बिया, गोट्या ठेवू नयेत. त्या घशात वा नाकात अडकतात. बिया भरावयाच्या तर दुहेरी शिवणीच्या पिशवीत वा घट्ट बंद केलेल्या बाटलीत भराव्यात. घरातील तेलरंग खेळण्यांना लावू नये. विकतच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह पाहावे; 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात ते सक्तीचे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कोणतेही खेळणे दिव्यांगत्व बरे करीत नाही. ‘संवेदनांची खेळणी’ असे नाव देऊन हजारो रुपयांना वस्तू विकल्या जातात आणि मूल लवकरच बोलू लागेल अशी आशा दाखविली जाते. त्यासाठी कोणी दागिना मोडू नये. खेळणे काय करते, तर मुलाला करून पाहण्याची संधी देते. ती संधी चमच्यात आणि काथ्याच्या गोंड्यातही असते. त्या वस्तूबरोबर रोज पंधरा मिनिटे बसणारे माणूस मात्र हवे.

कुलूप कशाचे?

शेवटी पुन्हा त्या कपाटाकडे येते. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची 20 लाखांहून अधिक दिव्यांग बालके देशात नोंदली गेली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शिक्षणसाहित्य व सहायक साधने विनामूल्य देण्याची तरतूद केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतील बालकांची तपासणी होते. अंगणवाडीत दिव्यांग बालकांना कसे सामावून घ्यावे याविषयी केंद्र शासनाने 2023 मध्ये मार्गदर्शक कार्यपद्धतीही जाहीर केली. म्हणजे कायदा आहे, योजना आहे, पेटीही पुष्कळ ठिकाणी पोहोचली आहे. पेटी आणि मूल यांच्यामध्ये जे कुलूप उरले आहे, ते भीतीचे आहे.

ही भीती सेविकेचा दोष नव्हे. मोडलेल्या वस्तूचा जाब विचारला जातो; न वापरलेल्या वस्तूचा विचारला जात नाही. म्हणून अध्यक्षमहोदय, आपण या सभेत उपस्थित आहात तोवर एक विनंती करते. मुलांच्या खेळण्यांची नोंद खुर्ची-टेबलांच्या रांगेत होऊ नये. खडू-कागदाप्रमाणे ती वापरून संपणारी वस्तू मानावी आणि तिचे निर्लेखन सुलभ करावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘किती वस्तू शिल्लक आहेत’ याबरोबरच ‘कोणती वस्तू कोणत्या मुलाने वापरली’ हेही विचारावे. हा एक प्रश्न विचारला जाऊ लागला, तर पुष्कळ कपाटे आपोआप उघडतील.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात आले असेल. दुसऱ्या वर्षी मी कपाट उघडले. घुंगराचा चेंडू दोन महिन्यांत फाटला. मणी ओवण्याची चौकट मोडली आणि आमच्या शाळेच्या शिपाईकाकांनी ती खिळे ठोकून दुरुस्त केली. त्या मुलाला सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर कड्या, खिट्ट्या आणि कुलपे बसविलेली एक फळी. ती पेटीत नव्हती. तो रोज कपाटाशी का बसत होता हे उमगल्यावर गावच्या सुताराकडून ती मी त्याच्यासाठी करून घेतली होती. त्या फळीवर त्याची बोटे तयार झाली आणि त्याच बोटांनी पुढे तो ब्रेल वाचू लागला. त्याचे साहित्य कोणते, हे त्याने मला पहिल्याच दिवसापासून सांगितले होते. मी ऐकत नव्हते.

भगिनींनो आणि बंधूंनो, येत्या चार दिवसांत आपण येथे पुष्कळ वस्तू तयार करू. त्या घेऊन आपल्या गावी जाल तेव्हा त्या कपाटात ठेवण्यापूर्वी एक दिवस मुलांजवळ नुसते बसा. कोणते मूल कशाशी खेळते, कशापासून दूर जाते, कोणत्या आवाजाने थांबते, ते पाहा. मग वस्तू त्याच्या हाती द्या आणि ती झिजू द्या. पुढच्या वर्षीच्या शिबिरात सुस्थितीतील साहित्य घेऊन येऊ नका. मोडकी, फाटकी, रंग उडालेली खेळणी घेऊन या. आपण ती दुरुस्त करू आणि तुमच्या कामाचे प्रगतिपुस्तक म्हणून अभिमानाने मांडून ठेवू.